चुकीच्या उत्तराचे मोल : शिक्षणशास्त्राचा प्रगत अभ्यास आणि वर्गाध्यापन

प्रास्ताविक

माध्यमिक शाळेत शिकविण्यासाठी बी.एड. आवश्यक आणि बी.एड.च्या छात्राध्यापकांना शिकविणाऱ्याने एम.एड. केलेले असावे, ही रचना आपल्याकडे इतकी रुळली आहे की, एम.एड.मध्ये नेमके काय शिकायचे असते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बी.एड.मध्ये जे शिकविले जाते तेच अधिक विस्ताराने, अधिक विचारवंतांच्या नावांसह शिकणे म्हणजे एम.एड., असा एक समज शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतही आढळतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. अध्यापक-शिक्षक, अभ्यासक्रम रचनाकार, शैक्षणिक नियोजक, पर्यवेक्षक आणि संशोधक घडविणारा व्यावसायिक अभ्यासक्रम, असे त्याचे स्वरूप त्यात सांगितले आहे. पुढे २०२५ च्या नियम-मसुद्यात एक वर्षाच्या एम.एड.चा प्रस्ताव आला. कालावधी एक वर्षाचा असावा की दोन, यावर बरीच चर्चा होते. त्या वर्षात वा दोन वर्षांत वर्गाकडे पाहण्याची कोणती दृष्टी तयार व्हावी, यावर त्या मानाने फारच थोडी होते.

प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न विचारात घेतला आहे. त्याचा संबंध केवळ शिक्षणशास्त्र महाविद्यालयांशी नाही. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतील प्राध्यापक पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. या अर्हतांवर वर्गात उभा राहतो. अध्यापनाचे औपचारिक शिक्षण त्याने कधीच घेतलेले नसते. सिद्धांताने वर्गात काय साधते, हे जाणून घेण्याची गरज कदाचित त्यालाच सर्वाधिक आहे.

सात हजार तासांचे पूर्वशिक्षण

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकी पेशाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एक साधे पण दूरगामी निरीक्षण आहे. वैद्यक किंवा वकिली शिकणाऱ्याने तो व्यवसाय आधी जवळून पाहिलेला नसतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने मात्र शिकविणे हजारो तास पाहिलेले असते. पण ते बाकावरून! शिक्षक काय करतो हे त्याला दिसते. तो तसे का करतो, त्याने कोणता पर्याय टाळला, कोणते उदाहरण ऐन वेळी बदलले, हे दिसत नाही.

आपल्याकडील आकडे मांडून पाहता येतील. शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० आणि सहावी ते आठवीसाठी १००० अध्यापन तास ठरविलेले आहेत. म्हणजे केवळ आठवीपर्यंतच बालक ७००० तास अध्यापन पाहते. दहावी, बारावी आणि पदवीचे तास वेगळेच. याच्या दुसऱ्या पारड्यात छात्राध्यापकाचे सराव पाठ ठेवावेत. पस्तीस मिनिटांचे वीस पाठ धरले, तरी त्यांची बेरीज बारा तासांच्या आत राहते. २०१४ च्या विनियमांनी बी.एड.मध्ये वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आणला, त्यामागे हे पारडे थोडे तरी जड करण्याचा विचार होता. तरीही नोकरीच्या पहिल्या कठीण दिवशी शिक्षक बी.एड.मध्ये शिकलेल्या पद्धतीने शिकवीत नाही. त्याला ज्या पद्धतीने शिकविले गेले, त्या पद्धतीने तो शिकवितो. हा त्याचा आळस नसतो. त्याच्याजवळ तेवढाच साठा असतो.

एम.एड.च्या अभ्यासाचे पहिले काम इथून सुरू होते. बाकावरून पाहिलेल्या अध्यापनाची ओळख पुसता येत नाही. पण ती तपासता येते.

पंचपदीची कहाणी

सिद्धांत वर्गात येता येता त्याचे काय होते, याचे उत्तम उदाहरण हर्बार्टच्या पंचपदीचे आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी प्रस्तावना, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन अशा पायऱ्यांनी पाठ टाचणे लिहिली. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाने स्वतः मात्र पाच पायऱ्या सांगितल्या नव्हत्या. स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती अशा चार अवस्था त्याने मांडल्या, आणि त्याही मनाने नवा विचार कसा सामावून घ्यावा याचे वर्णन म्हणून. नवे ज्ञान मनातील जुन्या कल्पनांच्या समूहाशी जोडले गेले तरच टिकते, हे त्याचे मूळ प्रतिपादन. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यातून पाच पायऱ्यांचा साचा तयार केला, आणि तो साचा जगभर गेला.

मनाविषयीच्या सिद्धांताचे असे तासिकेच्या वेळापत्रकात रूपांतर झाले. पूर्वज्ञानाचा शोध घेण्यासाठी असलेली प्रस्तावना तीन ठरावीक प्रश्नांची झाली. तिसऱ्या प्रश्नाला विद्यार्थी निरुत्तर झाले की, ‘आज आपण ... अभ्यासणार आहोत’ असे हेतुकथन करावयाचे, हा संकेत पडला. विद्यार्थ्यांच्या मनात आधी काय आहे, हे शोधणे राहूनच गेले.

पाठ टाचणाच्या कागदातही हीच गोष्ट दिसते. उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, आशय, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन आणि मूल्यमापन असे त्याचे रकाने असतात. यांपैकी विद्यार्थीकृतीचा रकाना लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. त्या रकान्यातील विद्यार्थी कधीही चुकत नाही. प्रश्न विचारला की तो अपेक्षित उत्तर देतो, उदाहरण दिले की ते सोडवितो. प्रत्यक्ष वर्गात मात्र छात्राध्यापकाची गाडी अडते ती अनपेक्षित उत्तरापाशीच. त्या क्षणासाठी टाचणात एकही ओळ नसते. मग ‘नाही, दुसरा कोण सांगेल?’ हे वाक्य येते आणि बरोबर उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बाकाबाकावरून फिरत राहतो.

आशय आणि अध्यापन यांचा सांधा

ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत नेमक्या याच जागेवर बोट ठेवले. शिक्षकाला विषय किती येतो आणि त्याला सर्वसाधारण अध्यापन कौशल्ये किती येतात, हे दोन्ही तपासले जाते. विषय शिकविण्याजोगा करण्याचे ज्ञान मात्र तपासले जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या घटकासाठी कोणते उदाहरण परिणामकारक ठरते, तो घटक कशामुळे सोपा वा अवघड होतो, कोणत्या वयाची मुले त्याविषयी कोणत्या चुकीच्या कल्पना घेऊन येतात, या ज्ञानाला त्यांनी स्वतंत्र नाव दिले. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमात ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ या नावाने विषयाची संरचना, आशय विश्लेषण आणि अध्यापन पद्धती यांचा सांधा जुळविण्याचा प्रयत्न झाला. तो योग्य दिशेचा होता. व्यवहारात मात्र आशय विश्लेषण म्हणजे तथ्ये, संज्ञा, संबोध आणि सामान्यीकरणे यांच्या याद्या, असेच अनेक ठिकाणी होऊन बसले. याद्या पाठ्यपुस्तकाच्या असतात. चुका मुलांच्या असतात.

या ज्ञानाचे स्वरूप समजण्यासाठी मराठी संख्यानामांचे उदाहरण घेता येईल. ६३ ही संख्या लिहिताना आधी ६ आणि मग ३ येतात. उच्चारताना ‘त्रेसष्ट’ म्हणजे आधी तीन आणि मग साठ. श्रुतलेखनात ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल ३६ लिहिते, तेव्हा ते ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असते. ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणाऱ्या मुलाने दोन गोष्टी बरोबर ओळखलेल्या असतात : शब्दात सत्तर आहे, आणि एकोण असलेल्या संख्येच्या एककस्थानी ९ असतो. एकोण म्हणजे एकाने कमी, एवढेच त्याला उमगलेले नसते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्यांत हा वजाबाकीचा नियम चालतो आणि ९९ ला पोहोचताच ‘नव्व्याण्णव’ म्हणून तो मोडतो. दोनचे रूप बावीसमध्ये ‘बा’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याण्णवमध्ये ‘ब्या’ होते. पन्नास कधी ‘वन्न’ तर कधी ‘पन्न’ होतो, साठचे ‘सष्ट’ आणि सत्तरचे ‘हत्तर’ होते. प्रौढ भाषकाला यातले काहीच जाणवत नाही, कारण त्याने ते पाठ केलेले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र शंभरापर्यंतची नावे जवळजवळ सुटी सुटी शिकावी लागतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित संख्यानामांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा मुलांना होणारा त्रास हे कारण जाहीरपणे मांडले. कन्नडसारख्या भाषांत दशक आधी उच्चारला जातो, हेही निदर्शनास आणले गेले. विरोधकांनी भाषेची मोडतोड, व्यवहारातील गोंधळ, मुलांना कमी लेखणे असे आक्षेप घेतले. विषय विधिमंडळापर्यंत पोहोचला आणि विनोदांत विरला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. ‘साठ तीन’ म्हटल्याने स्थानिक किंमत उघड होते, हे खरे. आणि बाजारात व घरात मुलाच्या कानावर ‘त्रेसष्ट’च पडणार असल्याने एकाऐवजी दोन नावे शिकण्याचे ओझे येते, हेही खरे. खेद एवढाच की, हा वाद ज्यांच्या विषयाचा होता, त्या शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांचा आवाज त्यात फारसा ऐकू आला नाही. दुसरीच्या दोन तुकड्या, वीस संख्यांचे श्रुतलेखन, महिनाभराच्या अंतराने दोनदा, आणि चुकांचे वर्गीकरण : अंकांची उलटापालट किती, एकोणच्या चुका किती, नुसते विस्मरण किती. एका एम.एड. विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाच्या आवाक्यातले हे काम आहे. त्याने वाद मिटला नसता. तो कशाविषयी आहे, हे निदान स्पष्ट झाले असते.

चुकीमागे तर्क असतो, हे वरच्या इयत्तांतही दिसते. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ करणारा विद्यार्थी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवितो. पण दोनपैकी एक प्रश्न बरोबर आणि नंतर तीनपैकी एक बरोबर आला, तर एकूण पाचपैकी दोन बरोबर आले, असे आपण म्हणतोच. गुणांच्या हिशेबात ही बेरीज योग्य आहे. एकाच भाकरीच्या तुकड्यांच्या हिशेबात ती अयोग्य आहे. हे ज्या शिक्षकाला माहीत आहे, तो लघुतम साधारण विभाज्याचा नियम पुन्हा सांगत बसणार नाही. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळविल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले, एवढेच तो विचारील.

महाविद्यालयीन वर्गाला हे सर्व लागू पडते. अर्थशास्त्रात मागणीचा विस्तार आणि मागणीतील वाढ हे दोन भिन्न संबोध आहेत. किंमत घटल्याने त्याच वक्रावर खाली सरकणे हा विस्तार. उत्पन्न, आवड इत्यादी घटक बदलल्याने वक्रच उजवीकडे सरकणे ही वाढ. बोलीभाषेत मात्र ‘वाढ’ आणि ‘विस्तार’ यांत असा भेदच नाही. विद्यार्थी दोन्ही व्याख्या बिनचूक लिहितो आणि आकृती चुकवितो, त्याचे कारण अभ्यासाचा अभाव हेच असेल असे नाही. शब्दांनीही त्याची दिशाभूल केलेली असते.

वर्ग मोजण्याची साधने

वर्गातील व्यवहाराचे शास्त्रीय निरीक्षण हा एम.एड.च्या अभ्यासक्रमाचा जुना भाग आहे. फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणात दर तीन सेकंदांनी एक नोंद करावयाची असते. तीस मिनिटांच्या पाठाच्या सहाशे नोंदी होतात. दहा प्रवर्गांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता अथवा गोंधळाचा. आपण वर्गात किती बोलतो, हे प्रथमच आकड्यांत पाहून अनुभवी शिक्षकही चकित होतो, एवढे या साधनाचे यश निर्विवाद आहे.

पण साधन शिकणे आणि साधनाची मर्यादा ओळखणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबत असल्याचे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंद वा अधिक केल्यावर विद्यार्थ्यांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. आता हे तीन सेकंद फ्लँडर्सच्या तक्त्यात कुठे जातील? दहाव्या प्रवर्गात, गलक्याच्या शेजारी. विचार करणाऱ्या वर्गाची शांतता आणि विस्कटलेल्या वर्गाचा गोंधळ यांना तिथे एकच अंक मिळतो. दोन्ही संशोधने वेगवेगळ्या प्रकरणांत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे लक्षात येत नाही. ती एकमेकांसमोर ठेवून वाचणाऱ्याला येते. बी.एड. आणि एम.एड. यांतील फरक असेल तर तो इथे असावा.

सूक्ष्म अध्यापनाबाबतही तेच म्हणावे लागेल. ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात हे तंत्र विकसित केले. बडोद्यात बी. के. पासी आणि इतरांनी त्याला भारतीय रूप दिले. सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनराध्यापन आणि सहा मिनिटे पुनर्प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र सर्वपरिचित आहे. भारतीय प्रतिमानात विद्यार्थ्यांची भूमिका सहाध्यायीच करतात. ही तडजोड साधनांच्या टंचाईतून आली आणि ती समजण्यासारखी आहे. परिणाम असा की, पाचवीचा विद्यार्थी म्हणून समोर बसलेला पदवीधर पाचवीच्या मुलासारखा चुकू शकत नाही. प्रश्न विचारण्याचे कौशल्य साधते. अनपेक्षित उत्तर ऐकण्याचे कौशल्य त्या यादीत येतच नाही.

जॉन ड्यूई यांनी १९०४ मधील एका निबंधात या धोक्याची पूर्वसूचना दिली होती. प्रात्यक्षिकाचा हेतू तत्काळ कार्यक्षमता हा असेल, तर नवशिका वर्ग सांभाळण्याची बाह्य तंत्रे लवकर उचलतो. पण मुलांच्या मनाची हालचाल पाहण्याची सवय त्याला लागत नाही. म्हणून काही काळ तरी प्रात्यक्षिकाकडे प्रयोगशाळेसारखे पाहावे, असे त्यांनी सुचविले.

लघुप्रबंधात वर्ग कुठे आहे?

एम.एड.च्या अभ्यासक्रमातील सर्वांत मोठी संधी म्हणजे लघुप्रबंध. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद हेच त्या आयोगाच्या नेमणुकीचे निमित्त होते, आणि २०१४ चे विनियम त्याच्याच शिफारशींतून आले. संस्थांचा दर्जा, निरीक्षण, कालावधी यांवर त्यानंतर पुष्कळ काम झाले. लघुप्रबंधाचा विषय मात्र अद्याप बहुधा एका ठरलेल्या वाटेने जातो : अमुक तालुक्यातील शिक्षकांची तमुक विषयीची अभिवृत्ती, तयार प्रश्नावली, शंभर जणांचा नमुना, टी-मूल्य आणि ‘लक्षणीय फरक आढळत नाही’ हा निष्कर्ष. अशा संशोधनाने संशोधन पद्धतीचा सराव होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यात एकही तासिका नसते, एकही वही नसते.

लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये शिक्षक हाच संशोधक, ही कल्पना मांडली. कृतिसंशोधन या नावाने ती आपल्याकडे अभ्यासक्रमात आहेच. जपानमध्ये शिक्षकांचा गट एकच पाठ मिळून आखतो, एक जण तो शिकवितो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि नंतर तो सुधारून पुन्हा शिकविला जातो. यात निरीक्षकांची नजर शिकविणाऱ्यावर नसून मुलांच्या वह्यांवर असते, ही बाब लक्षणीय आहे. आपल्या पाठ निरीक्षणात मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून फलकलेखन, आवाज आणि वेळेचे नियोजन यांचे शेरे लिहितो. शेजारच्या मुलाने वहीत काय उतरविले, हे त्याला तेथून एका नजरेत दिसू शकते, पण निरीक्षण तक्त्यात त्यासाठी जागाच नसते.

महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाजूने

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये त्यांचे मानव संसाधन विकास केंद्र असे नामांतर झाले, आणि २०२३ पासून हे काम मालवीय मिशनच्या नावाने चालू आहे. उद्बोधन आणि उजळणी वर्गांचा संबंध पदोन्नतीशी जोडलेला असल्याने उपस्थिती असते. विषयनिहाय अध्यापनाचा विचार मात्र तेथे तुरळकच होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्यांना आपल्या विषयाच्या अध्यापनाशी संबंधित श्रेयांकयुक्त अभ्यासक्रम अनिवार्य करण्याचे सुचविले. तो अभ्यासक्रम कोण शिकविणार? शिक्षणशास्त्र विभागाला विषय अपुरा पडेल आणि विषय विभागाला शिक्षणशास्त्र. एकाच आवारात राहूनही या दोन विभागांची ये-जा सहसा नसते. अध्यापक शिक्षणाच्या या एकटेपणाची नोंद कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केली होती.

ये-जा सुरू करण्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की गुण नोंदविले जातात आणि गठ्ठे कोठीत जातात. काही काळाने ते रद्दीत निघतात. त्यांबरोबर विद्यार्थ्यांनी वर्षभर कुठे, कसा आणि कोणत्या तर्काने चुकीचा विचार केला, याची सगळी माहितीही जाते. अर्थशास्त्र विभागाने मागणीवरील एका प्रश्नाची पन्नास उत्तरे बाजूला काढावीत, एम.एड.च्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यांतील चुकांचे वर्गीकरण करावे, आणि दोघांनी मिळून ते एका नोंदवहीत उतरवावे. विस्ताराच्या जागी वाढ लिहिणारे किती, आकृती बरोबर पण स्पष्टीकरण उलटे असणारे किती, अक्षांनाच उलट नावे देणारे किती. पुढच्या जूनमध्ये तो घटक शिकविण्याच्या आदल्या दिवशी ती वही उघडली, तर टाचणातील विद्यार्थीकृतीच्या रकान्यात बरोबर उत्तराखाली आणखी दोन-तीन उत्तरे लिहिता येतील.